कंट्रोलरचा श्वास कोणाच्या नावाचा?

दुसरबीडच्या एसटी स्टँडवर वामनराव कंट्रोलर ओरडले, की समोरच्या मारुतीच्या देवळातली कबुतरं उडत, हॉटेलातल्या बशीतला चहा हिंदकळे आणि मेहकरकडे निघालेला ड्रायव्हर काही चूक नसताना ब्रेक दाबी. स्टँडवर लाउडस्पीकर बसवावा असा एक प्रस्ताव वर गेला होता. पण तपासायला आलेल्या माणसाने वामनरावांना एकदा ऐकलं आणि 'गरज दिसत नाही' असा शेरा मारून तो परत गेला.

अशा या वामनरावांना एका दुपारी एका बाईच्या पिशवीत कोंबडा सापडला. कोंबडा हे सामान की प्रवासी, यावर वाद झाला. आवाज चढता चढता वामनरावांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते वेळापत्रकाच्या फळ्याला धरून खाली बसले. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, पाऱ्याकडे पाहिलं आणि वामनरावांपेक्षा स्वतःच घाबरले.

"राग सोडा," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर एक दिवस राग राहील आणि तुम्ही जाल."

गोळ्या दिल्याच, शिवाय अकोल्याच्या एका शिबिराचा पत्ता दिला. तिथे एक निवृत्त इंजिनियर लोकांना डोळे मिटून बसायला शिकवत. मंत्र नाही, माळ नाही, काही नाही. आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास तेवढा बघत राहायचा. वामनरावांना आधी वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे? श्वास तर म्हैसही घेते. पण आठवडाभरानंतर ते परत आले तेव्हा त्यांच्या पत्नी सिंधूताई यांना नवरा बदलून आल्यासारखं वाटलं. भाजीत मीठ नव्हतं आणि वामनरावांनी मीठ मागितलं. नुसतं मागितलं! ताट सरकवलं नाही, सासरच्या मंडळींचा उद्धार केला नाही. सिंधूताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुपारी दोन गाड्यांच्या मधे स्टँडवर चिटपाखरू नसे. त्या वेळात वामनराव केबिनमधल्या खुर्चीत पाठ ताठ करून डोळे मिटू लागले. एवढंच. कोणाचं काही घेतलं नाही, कोणाला काही दिलं नाही. पण दुसरबीडमध्ये माणूस नुसता बसला आहे, यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

पहिला प्रश्न आला तो केबिनशेजारी पेरू विकणाऱ्या रुखमाबाईकडून. खिडकीतून डोकं घालून ती म्हणाली, "कंट्रोलर साहेब, कोनाचं नाव घेऊन राह्यले?"

"कोणाचंच नाही. श्वास पाहतो."

"नावच नाई?" रुखमाबाईच्या हातातला पेरू तसाच राहिला. "मंग आतमधी कोन ऱ्हायते?"

"कोणी नाही. मन मोकळं ठेवायचं."

"बाई बाई! मी घराचं कवाड उघडं टाकलं तर कुत्रं येऊन भाकर नेते. तुमी मनाचं कवाड उघडं टाकून बसले, अन् वरून डोये मिटले!"

संध्याकाळपर्यंत हे कवाड गावभर उघडं झालं होतं. शेजारचे शंकरराव हे निवृत्त हेडमास्तर. आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र ते आज वाचत आणि उद्याचं भविष्य सांगत. त्यांनी छापील फोटोच पाहिला होता. केस वाढवलेली गोरी पोरंपोरी एका बागेत डोळे मिटून बसलेली. "हे अमेरिकेतून आलेलं आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "आधी बसायला लावतात, मग बाप्तिस्मा." शिकवणारा इंजिनियर शर्ट-पँट घालतो हे कळल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. जगात कुठे पँट घातलेला गुरू असतो का?

मग अर्जुनराव कंडक्टरांनी भर घातली. अर्जुनराव बौद्ध, माणूस सरळ आणि बोलणं त्याहून सरळ. जालन्याची गाडी लावून ते केबिनमध्ये आले आणि वामनरावांना बसलेलं पाहून मनापासून खूश झाले. "हे तर आमच्या भगवंतानं सांगेल आहे, साहेब. बसा, खुशाल बसा. चांगली गोष्ट आहे." या कौतुकाने वामनरावांना बरं वाटलं आणि गावाला वाईट. दुसऱ्या दिवशी रेशनच्या दुकानात कोणीतरी सिंधूताईंना हळूच विचारलं, "कंट्रोलर सायबांनी धर्म बदलला म्हंते, खरं काय?"

हे कळल्यावर अर्जुनराव हसत सुटले. "साहेब, आमी बदलला तं आमाले पुस्तकं वाचा लागले, मोर्चे काढा लागले. तुमाले नुसतं खुर्चीत बसून जमलं?"

हे सगळं इथेच विझलं असतं. पण मधे हिंमतराव आले. हिंमतराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार. ते जालन्याच्या गाडीला नेहमी उशिरा येत. आल्यावर वामनराव त्यांच्यावर ओरडत, हिंमतराव उलट ओरडत आणि हे भांडण पाहायला ड्रायव्हर गाडी बंद करून उतरत असे. भांडण संपलं, की हिंमतराव मिशीवर हात फिरवून गाडीत बसत. वर्षानुवर्षांची सोय होती ती. त्या सकाळी हिंमतराव आले तेव्हा गाडी गेलेली होती.

"राम राम, पाटील," वामनराव शांतपणे म्हणाले. "गाडी वेळेवर गेली. पुढची दुपारी आहे. सावलीत बसा."

हिंमतराव वाट पाहत उभे राहिले. पुढे काहीच झालं नाही. चार माणसांदेखत या कंट्रोलरने आपल्यावर ओरडायचीसुद्धा तसदी घेतली नाही! एवढा अपमान त्यांच्या खानदानात कोणाचा झाला नव्हता. गाडी चुकल्याचं दुःख ते विसरले. हे विसरले नाहीत. "मानूस देवाधर्मातून गेला," त्यांनी पारावर जाहीर केलं, "आता हातातून बी गेला."

वामनराव वरून शांत असले तरी आतून त्यांनाही टोचत होतं. घरात वाडवडिलांपासून मारुतीची पूजा, शनिवारचा उपास. आपण भलत्याच वाटेला तर लागलो नाही? शेवटी एका रविवारी ते अकोल्याला जाऊन इंजिनियरांना भेटले आणि थेट विचारलं, "हे मूळचं कोणाचं?"

"मला माझ्या मेहुण्याने शिकवलं," इंजिनियर म्हणाले.

"आणि मेहुण्याला?"

"तो रंगूनला लाकडाच्या वखारीत होता. तिथे कोणीतरी. त्याच्या आधीचं मला ठाऊक नाही. वामनराव, सायकल शिकलात तेव्हा सायकलचा धर्म विचारला होता का?"

वामनरावांना हे उत्तर इतकं आवडलं, की परतीच्या गाडीत ते त्याची उजळणी करत आले. पारावर जाऊन त्यांनी ते मोठ्या ऐटीत टाकलं. हिंमतरावांनी पापणी न हलवता सांगितलं, "सायकल इंग्रजाची. म्हंजे आमी म्हंतो तेच खरं." आणि रंगूनचा मेहुणा तर कोणाला विसरताच येईना. काही दिवस गावातली पोरं वामनरावांना पाहून "रंगून, रंगून" करत पळत.

मग त्यांनी तडजोड करायचं ठरवलं. गावाला नाव हवं ना? घ्या नाव! श्वास आत घेताना 'राम', सोडताना 'राम'. पण खिडकीबाहेरच्या माणसाला केबिनमधून "राम राम" ऐकू आलं, की तो थांबून "राम राम, कंट्रोलर साहेब!" म्हणे. काही उत्तर आलं नाही, की जरा मोठ्याने म्हणे. एकाने तर आत येऊन खांदा हलवला, "मी राम राम केला, तुमी बोलून नाई राह्यले, काही चुकलं काय माह्यं?" त्या दिवशी वामनरावांनी श्वास कमी आणि रामराम जास्त पाहिले.

मग केबिनमध्ये मारुतीचा फोटो आला. उदबत्ती आली. उदबत्तीचा निखारा खिडकीतल्या कागदी वेळापत्रकावर पडला आणि नेमका जालन्याच्या जागी भोक पडलं. जालन्याला जाणारे प्रवासी ते भोक पाहून काळजीत पडू लागले. आणि आठवडा संपायच्या आत खात्याचं पत्र आलं. आपण कामाच्या वेळेत डोळे मिटून बसता अशी तक्रार आहे; ही (अ) झोप आहे, की (ब) धार्मिक विधी, याचा खुलासा करावा; कार्यालयात दोन्हींना मनाई आहे; प्रत्यक्ष चौकशीसाठी साहेब येतील.

तक्रार कोणाची होती हे लिहिलेलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती. हिंमतरावांच्या मिश्या त्या आठवड्यात फार उंच होत्या.

वामनरावांनी घाईघाईने फोटो आणि उदबत्ती घरी नेली. झालं! रुखमाबाईने डोळ्यांनी पाहिलं, "देव बाहीर काढला!" आता गावाला हे सगळं धार्मिक आहे असं पटवायचं आणि खात्याला ते धार्मिक नाही असं. एका तोंडाने हे जमणं अवघड होतं आणि वामनरावांना तोंड एकच होतं.

संध्याकाळी ते ओसरीवर येऊन बसले. सिंधूताई मेथी निवडत होत्या.

"सिंधू, मी देवाले सोडलं, असं वाटते काय तुले?"

सिंधूताईंनी काडी मोडली. "अहो, आधी तुमी पूजा करत तवा सारा वेळ ओरडत. फुलं कुठं? गंध कुठं? घंटा कोनं हालवली? मले तं देवाची कीव ये. आता देवाले सुखानं फुलं मिळतेत. देव नाई गेला कुठं. आताच तं घरात राह्याले आला."

नोकरी गेली तरी चालेल, पण खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं. सकाळी मात्र नोकरी गेली तर चालणार नाही असं त्यांना पुन्हा वाटू लागलं. पण खोटं बोलायचं नाही, हे कायम राहिलं.

साहेब ज्या दिवशी येणार, त्याच दिवशी हिंमतरावांनी साखरखेर्ड्याहून नारायणबुवांना बोलावलं. नारायणबुवा मोठे कीर्तनकार, पंचक्रोशीत त्यांचा शब्द चाले. खात्याकडून नोकरी जाईल, बुवांकडून अब्रू जाईल, असा बेत. केबिनमध्ये दोन माणसं उभी राहिली, की तिसऱ्याला पोट आत घ्यावं लागे, म्हणून चौकशी समोरच्या मारुतीच्या सभामंडपात भरली. बाजारचा दिवस होता. सभामंडप भरला, पायऱ्या भरल्या, उरलेले लोक खिडक्यांना लटकले. साहेब बारीक अंगाचे, जाड भिंगाचे आणि फार घामाचे होते.

"पहिला प्रश्न," साहेब म्हणाले. "हा धार्मिक विधी आहे काय?"

वामनराव बोलणार, तोच हिंमतराव उठले. एवढी गर्दी आयती जमली असताना गप्प बसणं त्यांना शक्यच नव्हतं. "धार्मिक? काऊन धार्मिक राह्यीन? त्याच्यात देवाचं नाव नाई, साहेब! नाम नाई, माळ नाई, दिवा नाई, काहीच नाई. साऱ्या गावाची हेच तं तक्रार आहे!"

"बुवा, आपलं मत?"

नारायणबुवांनी उपरणं सावरलं. ते खरं बोलणारे होते. "मी कंट्रोलर साहेबांना आताच विचारलं. ते म्हणाले, कोणाचंही नाव घेत नाही. पूजा म्हणावी असं त्यात काही नाही."

"देवाचा फोटो बी बाहीर काढला!" रुखमाबाई मागून ओरडली.

"मी पाह्यलं आहे, साहेब," अर्जुनराव म्हणाले. "आमच्याकडं बी हे आहे, पर याच्यात कोनाची पूजा नाई. नुसता श्वास."

साहेबांनी भिंगं पुसली, लिहिलं आणि वाचून दाखवलं. "गावातील सर्व धर्मांच्या व्यक्तींनी एकमुखाने सांगितले, की या क्रियेत धार्मिक असे काहीही नाही. मुद्दा 'ब' निकाली."

आपण हे काय करून बसलो, ते हिंमतरावांच्या ध्यानात हळूहळू आलं. मिशीचं एक टोक आधी खाली आलं, मग दुसरं.

"मंग झोप आहे!" ते ओरडले. "उघड झोप आहे, साहेब! बसवून पाहा!"

"बसा," साहेब म्हणाले.

वामनराव खांबाला न टेकता बसले आणि त्यांनी डोळे मिटले. हिंमतरावांनी संधी सोडली नाही. "कंट्रोलर, तुह्या बापानं कधी खुर्ची पाह्यली होती काय?" लोकांनी श्वास रोखला. पूर्वी याच्या निम्म्या बोलण्यावर देवळाची कौलं हलली असती. वामनरावांच्या कानाची पाळी लाल झाली, छाती एकदा जोरात वर आली आणि खाली गेली. मग पुन्हा शांतपणे वर, शांतपणे खाली.

"पाहा, घोरून राह्यला!" हिंमतराव म्हणाले.

आता हिंमतरावांच्या जीपबद्दल सांगायला हवं. ती ढकलल्याशिवाय सुरू होत नसे, म्हणून ते ती कायम उतारावर उभी करत आणि चाकाखाली दगड लावत. जालन्यापर्यंत ती टिकेल असं खुद्द त्यांनाही वाटत नसे. आज ती देवळामागच्या उतारावर होती आणि मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी मंजुळाबाई बाजाराची टोपली घेऊन बसल्या होत्या. उताराच्या पायथ्याशी पाण्याच्या टाकीसाठी खणलेला खोल खड्डा होता. दगडाला कोणाची तरी गाय घासली, दगड सरकला आणि जीप आवाज न करता निघाली. इंजिन बंद, त्यामुळे सभामंडपात कोणाला काही कळलं नाही. सगळे डोळे ताणून वामनरावांकडे पाहत होते.

डोळे मिटलेल्या वामनरावांनी मात्र देवळामागून मुरूम दबल्याचा आवाज ऐकला. चाक फिरतंय, इंजिन नाही.

"दगड!" ते ओरडले. "अर्जुनराव! जीप सुटली! मागच्या चाकाले दगड लाव, दगड!"

तो आवाज दुसरबीडने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. कबुतरं उडाली. साहेबांची दौत आडवी झाली. स्टँडवर लागलेल्या मेहकरच्या ड्रायव्हरने सवयीने ब्रेक दाबला. अर्जुनराव हातातली तिकिटांची पेटी टाकून धावले, पायरीचा सुटा चिरा उचलला आणि चाकाखाली ढकलला. जीप हिसका देऊन थांबली. खड्डा हातभर अंतरावर होता. टोपलीतली वांगी गडगडत खड्ड्यात गेली. मंजुळाबाई गेल्या नाहीत.

लोक धावत सुटले. परत आले तेव्हा वामनराव जागेवर बसले होते, डोळे मिटून.

साहेबांनी शाई सांडलेला कागद बाजूला केला आणि नव्यावर आधीचं सगळं पुन्हा उतरवलं. "झोपलेल्या माणसाला जागे असलेल्या सर्वांच्या आधी ऐकू येत नाही," ते लिहिता लिहिता म्हणाले. "मुद्दा 'अ' निकाली. तक्रार फेटाळली."

टाळ्या पडल्या. हिंमतराव मात्र दारातच उभे होते, चेहरा पांढराफटक. त्यांना बाजूला करून मंजुळाबाई आत आल्या. पदर खोचलेला, केसांत धूळ.

"कोन वरडलं?"

लोकांनी बोट दाखवलं. मंजुळाबाई वामनरावांसमोर उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमी जीव वाचवला. आता येक उपकार अजून करा. आमच्या मानसाले बी हे बसनं शिकवा. सकायपासून वरडून राह्यतेत. गड्यावर, बैलावर, माह्यावर. कोनी नसलं तं रेडिओवर."

हिंमतराव पुढे आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक निघाला. "कंट्रोलर... मघा म्या तुमच्या बापाचं काढलं. ते वापस घेतो. आन् तक्रार बी माह्यीच होती."

"मले माहीत होतं, पाटील," वामनराव म्हणाले आणि आपल्याला अजिबात राग आलेला नाही, हे पाहून स्वतःच चकित झाले.

आता बायका थांबेनात. सिंधूताई पुढे होऊन खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हे अमेरिकेचं असो का रंगूनचं, माह्या घरात आलं हे मी वापस देनार नाई!" मागून एकीने सासऱ्याचं नाव दिलं, दुसरीने दिराचं. रुखमाबाईने तर सरळ पक्ष बदलला. "माह्या पोराले पैल्या रांगेत बसवा," तिने फर्मावलं.

पण गावाचं तोंड अजून बुवांकडे होतं. नारायणबुवा खांब सोडून पुढे आले.

"मंडळी," ते म्हणाले, "मी रोज नाम घेतो. खरं सांगू? तोंडात नाम असतं आणि मन आज जेवायला कोणाकडे, याच्या मागे असतं. यांच्या तोंडात नाम नव्हतं, पण मन जागेवर होतं. म्हणून एक बाई वाचली. श्वास कोणी दिला, हे ज्याचं त्याला ठाऊक. ज्याला वाटेल त्याने त्याचं नाव घ्यावं. ज्याला नाही वाटत, त्याने नुसतं बसावं. आजपासून या सभामंडपात बसा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण नारळ फोडा रे. नारळ न फोडता गावात काही सुरू केलं, तर मलाच झोप लागायची नाही."

चहूकडून नारळ आले. हळदकुंकू आलं. अर्जुनरावांनी हॉटेलातून साखर आणली. वामनराव "अहो, आत्ताच साहेबांनी लिहिलं..." असं म्हणेपर्यंत हिंमतरावांनी स्वतः उठून पहिला नारळ पायरीवर आपटला. पाणी उडालं, थेट साहेबांच्या कागदावर. बुवांनी शेंडीचा भाग मारुतीपुढे ठेवला, बाकीच्याचे प्रसादासाठी तुकडे केले. मंजुळाबाईंनी पहिला तुकडा वामनरावांना दिला, दुसरा अर्जुनरावांना आणि तिसरा घेऊन त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

साहेबांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. 'धार्मिक असे काहीही नाही' या ओळीवर नारळाच्या पाण्याचा थेंब होता. त्यांनी खोबऱ्याकडे पाहिलं, वामनरावांकडे पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला. मग भिंगं काढून खिशात ठेवली, पाठ ताठ केली, डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं.